मांजराला मराठी येतं का?

इंजिनिअरिंगला आलेल्या माणसाची प्रोग्रामिंगशी पहिली ओळख कशी होते, हे या अंकाच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. एफ. ई.ची लॅब, एकेका पीसीवर तिघं-तिघं, फळ्यावर सरांनी लिहिलेला प्रोग्राम आणि तो जसाच्या तसा उतरवूनही पडद्यावर उगवलेल्या चौदा एरर्स! मग सर येतात, आपल्याकडे न बघता पाचव्या ओळीच्या शेवटी एक सेमिकोलन टाकतात आणि चौदाच्या चौदा एरर्स गायब होतात. त्या क्षणी आपल्या डोक्यात ज्ञानाचा प्रकाश वगैरे काही पडत नाही. एवढंच वाटतं, की हे यंत्र आपल्यावर टपून बसलंय. पुढची दोन सेमिस्टर्स आपण प्रोग्राम लिहीत नसतो, कंपायलरची मनधरणी करत असतो.

आता अशी एक भाषा डोळ्यांसमोर आणा, की जिच्यात सेमिकोलन विसरताच येत नाही, कारण तो नाहीच. कंस जुळवायचे नाहीत, स्पेलिंग पाठ करायचं नाही. पडद्याच्या डाव्या बाजूला रंगीत ठोकळे असतात. ते माउसनं ओढायचे आणि एकाखाली एक अडकवायचे. उजवीकडे एक केशरी मांजर उभं असतं. हिरव्या झेंड्यावर क्लिक केलं, की ठोकळ्यांवर लिहिलंय तसं ते वागतं. या भाषेचं नाव स्क्रॅच. गेलं वर्षभर दर शनिवारी सकाळी मी लॅपटॉप पाठीला लावून होस्टेलबाहेर पडते, ती या मांजरासाठी. आमच्या विंगमध्ये माझं नाव त्यामुळे 'मांजरवाली' पडलेलं आहे, आणि "काय गं, आज उंदीर पकडला का?" हा विनोद आता मेसमधल्या वरणाइतकाच पातळ झाला आहे. असो.

स्क्रॅच तयार झाली अमेरिकेत, एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये. मिचेल रेझनिक आणि त्यांच्या गटानं २००३ मध्ये काम सुरू केलं आणि मे २००७ मध्ये ती सगळ्यांसाठी फुकट खुली केली. त्या गटाचं नाव 'लाइफलाँग किंडरगार्टन', म्हणजे आजन्म बालवाडी! (आपल्याकडे एम. टेक.च्या एखाद्या प्रयोगशाळेला असं नाव देऊन बघा.) स्क्रॅच हे नाव घेतलंय डीजे लोकांकडून. ते तबकड्या मागेपुढे घासून दुसऱ्याच्या गाण्यांतून स्वतःचं काहीतरी तयार करतात, तसं मुलांनी चित्रं, आवाज आणि सूचना जोडून करावं, अशी कल्पना.

पण मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं काय, तर ठोकळ्यांचे आकार. षटकोनी खाचेत षटकोनीच ठोकळा बसतो, म्हणजे जिथे 'हो की नाही' असं उत्तर हवंय तिथे आकडा घुसवताच येत नाही. थिअरीच्या पेपरात आपण ज्याला टाइप चेकिंग म्हणून सात मार्कांचं उत्तर लिहितो, ते इथे नऊ वर्षांचं मूल बोटांनी करतं. सुरुवातीच्या ठोकळ्याला वरून टोपीसारखा फुगवटा असतो, म्हणून त्याच्या डोक्यावर काही बसत नाही. आणि 'फॉरएव्हर' नावाचा जो ठोकळा आहे, त्याच्या खालच्या बाजूला खाचच नाही, ती सरळ आहे. का? कारण त्याच्या पोटातलं काम कधी संपतच नाही, मग त्याच्याखाली काही जोडून उपयोग काय? इन्फिनिट लूपनंतरची ओळ कधीच चालत नाही, हे वाक्य आपण पुस्तकात वाचतो. इथे ते हाताला लागतं.

याचा अर्थ चुका होत नाहीत असा नाही. भरपूर होतात, पण त्यांची जात वेगळी असते. 'कडेला लागलास तर उलट फिर' असा ठोकळा पहिल्यांदा लावला, की मांजर भिंतीला आपटून परत येतं ते चक्क डोक्यावर चालत! सगळा वर्ग हसतो. लाल अक्षरातली एरर बघून हसलेला माणूस मी आमच्या लॅबमध्ये अजून पाहिलेला नाही. इथे चूक म्हणजे 'यू हॅव फेल्ड' नसून 'बघ, तू सांगितलंस तसं केलं' एवढंच असतं. मग मूल विचारतं, की मी असं सांगितलं कुठे? आणि वर जाऊन ठोकळे परत वाचायला लागतं. आपल्याकडे यालाच डीबगिंग म्हणतात आणि त्यासाठी रात्र जागवतात.

हे सगळं स्क्रॅचनं शोधून काढलं असंही नाही. मांजराच्या आधी कासव होतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तिथे चौथीला आम्हाला कॉम्प्युटर हा विषय होता आणि त्यात लोगो नावाची भाषा. लोगोत पडद्यावर एक छोटं त्रिकोणी कासव असतं. त्याला 'फॉरवर्ड १००, राइट ९०' असं सांगितलं की ते पुढे जातं, वळतं आणि मागे रेघ ठेवतं. पण प्रत्यक्ष कासवाशी आमची भेट क्वचित. बाकी सगळा लोगो वहीत, दोन रेघी कव्हर घातलेल्या वहीत, निळ्या पेननं! परीक्षेत एका मार्काला हमखास प्रश्न यायचा, की लोगोचा फुल फॉर्म लिहा. उत्तर होतं, 'लँग्वेज ऑफ ग्राफिक्स ओरिएंटेड'. ज्या शाळेत वर्गात मराठी बोललं तर दंड व्हायचा, त्या शाळेत हे इंग्रजी खपून जायचं!

कॉलेजात आल्यावर वाचलं, की लोगोला फुल फॉर्म मुळी नाहीच. ग्रीक भाषेत 'लोगोस' म्हणजे शब्द, विचार. त्यावरून वॉलेस फर्झिग यांनी हे नाव सुचवलं. फर्झिग, सिंथिया सॉलोमन आणि सीमोर पॅपर्ट यांनी १९६७ मध्ये ही भाषा तयार केली. तोपर्यंत प्रोग्रामिंगच्या भाषा शास्त्रज्ञांसाठी, हिशेबासाठी, लष्करासाठी होत्या. मुलांसाठी म्हणून मुद्दाम भाषा करायची, ही त्या काळात वेडगळच कल्पना असणार. १९६८-६९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन गावी मझी ज्युनियर हायस्कूलच्या सातवीच्या मुलांना लोगो शिकवली गेली. समोर पडदा नव्हता, टेलिटाइप होता. टाइप करायचं आणि उत्तर कागदावर खडखडत छापून यायचं. तेव्हा कासवही नव्हतं, मुलं शब्द आणि वाक्यं जोडणारे प्रोग्राम लिहायची. कासव पुढच्या एक-दोन वर्षांत आलं, आणि पहिलं कासव पडद्यावर नव्हे तर जमिनीवर फिरणारं यंत्र होतं, पोटात पेन धरलेलं.

पॅपर्ट हा माणूस मला फार आवडतो. जन्म १९२८ चा, दक्षिण आफ्रिकेतला. गणितात डॉक्टरेट, आणि मग जीनिव्हाला जाऊन मुलं कशी शिकतात याचा शोध घेणाऱ्या जाँ पियाजे यांच्याबरोबर काम. त्यांचं 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक १९८० चं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की कॉम्प्युटरनं मुलाला प्रोग्रॅम करण्यापेक्षा मुलानं कॉम्प्युटरला प्रोग्रॅम करावं. आणि कासव का? तर मुलाला आपलं शरीर माहीत असतं. कुठे वळायचं हे कळत नसेल तर उठायचं आणि कासवाच्या जागी आपण चालून बघायचं. रेझनिक हे याच परंपरेतले, पॅपर्ट यांच्याबरोबर काम करून तयार झालेले. म्हणजे मांजर हे कासवाचं नातवंडच म्हणायचं.

माझ्या रूममेटला मात्र हे अजिबात पटत नाही. तिचं म्हणणं, "ठोकळे ओढणं हे प्रोग्रामिंग नव्हे, ते जिगसॉ आहे. खरं काम आलं की टाइपच करावं लागतं." यात अर्धं खरं आहे. प्रोग्राम जरा मोठा झाला, की स्क्रॅचचा पडदा दिवाळीच्या आदल्या दिवशीच्या खोलीसारखा दिसायला लागतो, कुठलं सामान कुठे ते मालकालाच सापडत नाही. आणि दुसऱ्या टोकाला ते जाहिरातवाले! २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात टीव्ही लावला की कोडिंगच्या क्लासची जाहिरात दिसायची, सहा-सात वर्षांचं पोर ॲप काढतंय आणि सूट घातलेले लोक दाराशी उभे. त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावीच्या पुढे कोडिंगचा उल्लेख आला. लगेच आमच्या नात्यातल्या दोन काकूंनी मला फोन करून विचारलं, की आमच्या बंटीला आता उशीर तर नाही ना झाला? बंटी तेव्हा दुसरीत होता.

कोडिंग शिकलं की मुलाचं डोकं आपोआप तर्कशुद्ध होतं, असं जे सांगतात, त्यांना एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १९८० च्या दशकात लोगोबद्दलही असंच बोललं जात होतं. तेव्हा न्यू यॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी लोगो शिकलेल्या मुलांची तपासणी केली. लोगो शिकल्यामुळे ही मुलं इतर कामांचं नियोजन अधिक चांगलं करतात का? तर तसं काही दिसलं नाही. पॅपर्ट यांनी यावर उत्तर दिलं, की लाकडानं घर चांगलं होतं का, असं कुणी विचारतं का? घर लाकडानं होत नाही, सुतारानं होतं. मला दोघांचंही पटतं. ठोकळ्यांत जादू नाही. ते कुणाच्या हातात पडतात आणि तो त्यांचं काय करतो, एवढाच प्रश्न उरतो. आणि माझ्या बाबतीत या प्रश्नाला एक शेपूट निघालं, ते म्हणजे कुठल्या भाषेत?

आमच्या कॉलेजच्या मागच्या वाडीवर जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. एनएसएसतर्फे आम्ही चौघीजणी तिथे जातो. शाळेत दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्हींवर भरतकाम केलेला रुमाल घातलेला असतो, आणि दोघांपैकी एकच चालू होतो तोही मूड असला तर. म्हणून आम्ही आमचे दोन लॅपटॉप नेतो, त्यांत नेटशिवाय चालणारी स्क्रॅच टाकलेली आहे. सहावी-सातवीची मिळून तेवीस मुलं आणि लॅपटॉप दोन. हे गणित कुठल्याच ठोकळ्यानं सुटणारं नव्हतं. तेव्हा आम्ही होस्टेलमधल्या जुन्या जर्नल्सचे पुठ्ठे गोळा केले, स्क्रॅचच्या ठोकळ्यांच्या आकारात कापले आणि ठरवलं, की एका मुलानं मांजर व्हायचं, बाकीच्यांनी पुठ्ठे जुळवायचे, मांजरानं ते वाचून मैदानात तसं चालायचं.

पुठ्ठ्यावर लिहायची वेळ आली आणि मी मार्कर हातात घेऊन बसून राहिले. घरी आम्ही मराठीच बोलतो. पण ती स्वयंपाकघरातली आणि गावच्या फोनवरची मराठी. बेरीज मी इंग्रजीत करते, फोन नंबर इंग्रजीत सांगते, आणि 'इफ' हे माझ्या डोक्यात जन्मापासून 'इफ'च आहे. 'मूव्ह टेन स्टेप्स'ला काय म्हणायचं? '१० पावलं चाल'. लिहिल्यावर लक्षात आलं, की मराठीत आकडा आधी येतो आणि क्रियापद शेवटी. सगळे पुठ्ठे एकाखाली एक ठेवले की उजव्या कडेला चाल, वळ, थांब, म्हण अशी कामंच कामं एका रांगेत दिसतात. छान वाटलं. 'रिपीट फोर'चं झालं '४ वेळा कर'. 'इफ-देन-एल्स'ला मुलांनी मला विचारही करू दिला नाही, 'जर, तर, नाहीतर'. यातलं 'नाहीतर' कुणालाच शिकवावं लागलं नाही. "गप बस, नाहीतर..." हे वाक्य प्रत्येकानं घरी ऐकलेलं असतं आणि नाहीतर काय, हेही अनुभवलेलं असतं!

स्कोअर वाढवायचे दोन ठोकळे असतात, 'सेट टू' आणि 'चेंज बाय'. इंग्रजीत दोघांत फरक आहे तो एवढ्याशा शब्दांचा, आणि तो आमच्यातल्याही एकीला दरवेळी थांबून आठवावा लागतो. मराठीत लिहिलं, 'स्कोअर १० कर' आणि 'स्कोअर १० ने वाढव'. एकानंही गोंधळ केला नाही. तो एक 'ने' सगळं काम करून जातो.

त्रिकोणाची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. समभुज त्रिकोण काढायला मांजरानं किती अंशात वळायचं? सातवीतल्या हुशार मुलांनी एका सुरात सांगितलं, ६०! पुस्तकात त्रिकोणाचा कोन ६० असतोच. मांजर झालेला मुलगा हातात फक्कीचा डबा घेऊन निघाला. चाल, ६० वळ, चाल, ६० वळ, चाल. मागे पांढरी रेघ पडली ती अर्ध्या षटकोनाची, आणि मांजर कबड्डीच्या मैदानात शिरलं. वाद सुरू झाला. मोठ्या बाई व्हरांड्यातून बघत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. मग त्या मुलानंच दुसऱ्यांदा चालताना कोपऱ्यावर पाय रोवले आणि म्हणाला, "आत किती हाय ते न्हवं ओ ताई, मी किती फिरलो ते मोजा की!" तीन कोपरे मिळून तो एकदा पूर्ण फिरतो, म्हणजे ३६०, म्हणजे एका कोपऱ्याला १२०. पॅपर्ट यांनी पुस्तकात हेच लिहिलंय, पण फक्कीनं पांढरे झालेले पाय त्यात नाहीत.

अडलं ते 'फॉरएव्हर'पाशी. मी शब्दकोशात बघून 'सदैव' लिहून नेलं होतं. मुलांनी ते शाळेच्या सुविचारासारखं वाचलं आणि कुणी काही केलं नाही. 'नेहमी' म्हटलं, तर एकजण म्हणाला, "नेहमी म्हंजे रोज सकाळी?" तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "थांबूच नको."

ही मुलगी दिवाळीनंतर वर्गात आली होती. आपल्या होस्टेलला रात्री मळीचा वास यायला लागला की कारखाना सुरू झाला हे आपल्याला कळतं. (साखर कारखाना आणि इंजिनिअरिंग कॉलेज ही आपल्या भागातली जुळी भावंडं आहेत, एकाच्या खिडकीतून दुसरं दिसतं.) कारखाना सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात आणि त्यांच्यातली काही मुलं या शाळेत येऊन बसतात. तिची बोली जरा वेगळी, म्हणून पहिले काही दिवस वर्गात फिदीफिदी चाललेली. पण 'थांबूच नको'ला कुणी हसलं नाही. मी 'सदैव' खोडलं आणि ते लिहिलं. तिच्या भाषेतून आणखी एक सापडलं, 'रिपीट अंटिल'. ती म्हणाली, "भिंत लागूस्तोर चाल." दोन इंग्रजी शब्दांचं काम एका 'स्तोर'मध्ये!

जानेवारीत आम्ही सांगितलं, की आता प्रत्येकानं आपल्या मनातलं काहीतरी करा. मुलांनी क्रिकेट काढलं, वाढदिवसाचा केक काढला, आणि पाचजणांनी ट्रॅक्टर काढला ज्याच्यातून मोठमोठ्यानं गाणी वाजतात. तिनं बैलगाडी काढली. बैलांची दोन चित्रं, एकात पाय पुढे, एकात मागे, आलटून पालटून दाखवली की बैल चालतात. लॅपटॉप प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं यायचा, म्हणून ती आठवडाभर पाठकोऱ्या कागदांवर ठोकळे काढून आणायची. स्क्रॅचमध्ये स्वतःचा ठोकळा बनवता येतो आणि त्याला कुठल्याही लिपीत नाव देता येतं. तिनं चार बनवले: 'गाडी भर', 'कारखान्याला जा', 'गाडी खाली कर', 'फडात ये'. पोटात दुसरे ठोकळे घेणारा मात्र आपला आपल्याला बनवता येत नाही, तिथे तयार इंग्रजी ठोकळाच घ्यावा लागतो. तिला इंग्रजी फारसं वाचता येत नव्हतं. ती तो रंगावरून आणि आकारावरून बरोबर उचलायची.

या चार ठोकळ्यांभोवती तिनं लूप घातला होता, आणि अट होती 'उचल = ०'. मी विचारलं, उचल म्हणजे? माझ्या अज्ञानाची वर्गाला मौज वाटली. हंगामाआधी मुकादम पैसे देतो ती उचल, आणि मग ती फिटूस्तोर तोडायचं. तिनं उचल धरली होती ६०,०००, आणि दर खेपेला वजा होणार ७००. हे आकडे कुठून आणलेस, असं मी विचारलं नाही.

हिरवा झेंडा दाबला. गाडी फडातून कारखान्याला, कारखान्यातून फडात. कोपऱ्यातला आकडा उतरायला लागला. पोरं घोळक्यानं बघत होती. आकडा हजाराच्या खाली आला, ५०० झाला, आता संपणार म्हणून सगळे टक लावून. आणि पुढच्या खेपेला आला -२००, मग -९००, मग -१६००, आणि गाडी चालूच!

आपल्यापैकी प्रत्येकानं हा बग कधी ना कधी केलेला आहे. जिथे 'पेक्षा कमी' लिहायचं तिथे 'बरोबर' लिहिलं, की लूप दाराशेजारून निघून जातो. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती कागदावर काहीतरी मांडून म्हणाली, "शून्य आलंच न्हाई की ताई. पाचशे होते, सातशे गेले. शून्य मधीच राहिलं." तिला मी फक्त 'पेक्षा कमी'चा ठोकळा कुठल्या रंगात असतो तेवढं दाखवलं. तिनं अट बदलली, उचल १ पेक्षा कमी होईस्तोर. पुन्हा झेंडा. ८६ खेपा, आणि गाडी फडात येऊन थांबली. आकडा -२०० वर.

मला वाटलं, झालं. ती मात्र आकड्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मग हे दोनशे?"

"ते जास्तीचे कापले गेले. म्हणजे आता मुकादमानं तुम्हाला द्यायचे," मी म्हटलं.

ट्रॅक्टरवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "देतोय व्हय!" आणि सगळे हसले. तीही हसली. मग तिनं माउस घेतला आणि लूपच्या खाली, गाडी थांबते तिथे, एक 'म्हण'चा ठोकळा जोडला. त्यात टाइप करायला तिला बराच वेळ लागला, कारण मराठी कीबोर्डवर 'द्य' कसा काढायचा ते आमच्यापैकी कुणालाच पटकन सापडेना. पुन्हा ८६ खेपा झाल्या. गाडी थांबली आणि बैलांच्या डोक्यावर पांढऱ्या फुग्यात अक्षरं आली, 'दोनशे द्या'. मांजराला सगळे 'चाल' आणि 'थांब' म्हणायचे. मुकादमाला तिनं 'द्या' म्हटलं.

रात्री रूमवर मी ही फाइल रूममेटला दाखवली. तिनं दोनदा झेंडा दाबला, अट उघडून बघितली आणि जिगसॉबद्दल काही बोलली नाही. "खेपेला थोडा वेळ कमी कर, फार वेळ बघत बसावं लागतं," एवढंच म्हणाली. पण मी वेळ बदलला नाही, फाइल माझी नव्हती.

एप्रिलच्या सुरुवातीला कारखान्याचा पट्टा पडला. पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा कोप्यांच्या जागी नुसती चुलीची काळी वर्तुळं होती आणि मागचा बाक रिकामा होता. मोठ्या बाई म्हणाल्या, की जायच्या आदल्या दिवशी ती येऊन गेली. आम्ही तिला फाइल पेनड्राइव्हवर द्यायची म्हणून ठेवली होती, पण तो ती लावणार कशाला? तिनं बाईंकडे पुठ्ठे मागितले, बाईंनी दिले. अकरा पुठ्ठे गेलेत, त्यांत 'थांबूच नको' आहे, 'नाहीतर' आहे आणि 'म्हण'सुद्धा आहे.

तेव्हा होस्टेलमधल्या सर्वांना विनंती, की सबमिशन झालेल्या जर्नल्सचे पुठ्ठे रद्दीत टाकू नका, मेसच्या दाराशी खोका ठेवलाय त्यात टाका. जाड हवेत, पातळ पुठ्ठा मुलांच्या हातात दोन शनिवारही टिकत नाही. 'थांबूच नको' आम्ही नवीन कापलाय, खालची बाजू सरळ ठेवून. तो कुणाच्या जर्नलचा आहे ते मात्र मी सांगणार नाही, त्यांची ओरल अजून व्हायची आहे.